कुठल्या थरातलं?



आमच्या शाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्यालाच आम्ही वाचनालय म्हणतो. मागच्या महिन्यात त्या कपाटात प्राण्यांच्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आलं. दोन दिवस त्यावर नुसती झुंबड! तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी पुस्तक उघडं धरूनच माझ्या टेबलापाशी आली. बोट एका चित्रावर दाबून ठेवलेलं.

"बाई, ह्यो किडा घोडनदीत घावंल का?"

चित्र बघून मागची दोन पोरं म्हणाली, "ईऽऽ, झुरळ!" तसा तो झुरळाच्या वळणाचाच होता म्हणा. पण डोकं ढालीसारखं, त्यावर दोन फुगीर डोळे, अंगावर आडव्या कड्या आणि पाठीवर लांबीने गेलेल्या दोन खाचा. या खाचांमुळे त्याच्या अंगाचे तीन उभे पट्टे पडतात. म्हणून त्याचं नाव ट्रायलोबाइट, म्हणजे तीन पाळ्यांचा. डोकं, धड आणि शेपूट असे ते तीन भाग, असं पुष्कळांना वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण ते तीन म्हणजे डावा पट्टा, मधला पट्टा आणि उजवा पट्टा.

मी तिला खरं ते सांगितलं. नाही गं, घोडनदीत नाही सापडणार. भीमेतही नाही आणि दौंडच्या पुलाखालीही नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. तो इथे पसरला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. ट्रायलोबाइट तर त्याच्याही कितीतरी आधी, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, जगातून कायमचे नाहीसे झाले होते. शिवाय ते राहायचे समुद्रात. आपल्या लाव्ह्याच्या दगडात ते यायचे कुठून?

तिचं तोंड एवढंसं झालं. पुस्तक मिटून ती जागेवर जाऊन बसली. आणि मुलांनो, मला चुटपुट लागली. कारण मी जे सांगितलं ते खरं असलं तरी पुरं नव्हतं. तो किडा आपल्याकडे नाही हे खरं, पण तो किडा जे काम करतो, ते काम करणारं कुणीतरी आपल्या शिरूर तालुक्यात आहे. तेच आज सांगणार आहे. पण त्याआधी जरा आजीचा डबा उघडू.

समजा, तुमच्या आजीला सवय आहे, की उरलेसुरले पैसे पत्र्याच्या डब्यात टाकायचे. वर्षानुवर्षं टाकते आहे आणि ढवळत मात्र नाही. मग तळाशी सगळ्यांत जुने पैसे, वर सगळ्यांत नवे. डब्यावर तारीख लिहिलेली नाही. आता शिरूरच्या आजीचा असा एक डबा, दौंडच्या आत्याचा एक आणि नागपूरच्या मामाचा एक. तिन्ही डबे तुमच्यापुढे ठेवले आणि विचारलं, यातला कुठला थर कुठल्या थराच्या वेळचा? कसं ओळखाल?

एक रुपयाचं नाणं बघून? ते तर तळापासून वरपर्यंत सगळीकडे आहे. त्याचा काही उपयोग नाही. शाळेच्या आनंदमेळाव्याचं कूपन? ते एकाच दिवसाचं, म्हणजे काळ अगदी पक्का. पण ते नागपूरच्या डब्यात कसं असेल? मग उरली गुलाबी रंगाची दोन हजारांची नोट. ती आली नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि मे २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती मागे घ्यायला सुरुवात केली. आयुष्य थोडं, पण पसरली देशभर. आणि ओळखायला इतकी सोपी, की बालवाडीतलं पोरही सांगेल. तिन्ही डब्यांत वरून खाली हात घालत जा. जिथे ती नोट पहिल्यांदा, म्हणजे सगळ्यांत खाली दिसते, त्या तीन जागा जुळल्या! त्या थरापासून वरचं काहीही नोव्हेंबर २०१६ च्या आधीचं असूच शकत नाही.

अर्थात डब्यात उंदीर शिरला नसेल तर. उंदराने वरची नोट ओढून तळाशी नेली, तर आपली फजिती. हसू नका. जमिनीच्या थरांतही उंदीर, घुशी आणि झाडांची मुळं हाच उद्योग करतात आणि संशोधकांना त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

आता आपल्या किड्याकडे येऊ. पृथ्वीच्या इतिहासात सुमारे ५४ कोटी ते साडेअठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या काळाला कँब्रियन असं नाव आहे. त्या काळातल्या समुद्राच्या तळाशी चिखल साठला, त्याचे थरावर थर बसले आणि त्यांचा खडक झाला. हे खडक आज जगभर विखुरलेले आहेत. काही चीनमध्ये, काही अमेरिकेत, काही ब्रिटनमध्ये, तर काही थेट आपल्या हिमालयात. चीनमधला कुठला थर हिमालयातल्या कुठल्या थराच्या वेळचा, हे सांगणार कोण? खडकाच्या रंगावरून सांगता येत नाही. करडा चिखल काय, कुठल्याही काळात साठतो. इथे ट्रायलोबाइट कामाला येतो. त्याच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या. एक जात आली, काही लाख वर्षं राहिली, गेली आणि तिच्या जागी दुसरी आली. आजपर्यंत वीस हजारांवर जातींची नोंद झाली आहे. त्यातल्या काही जाती दूरदूरच्या समुद्रांत पसरल्या. आणि आणखी एक गंमत. खेकड्यासारखाच हा प्राणीही वाढताना जुनं कवच टाकून नवं घालायचा. त्यामुळे एकेक प्राणी मागे कितीतरी कवचं ठेवून गेला. थोडं आयुष्य, मोठा पसारा, भरपूर संख्या आणि ओळखायला सोपं. झाली की नाही गुलाबी नोट?

थरातल्या जीवाश्मांवरून थर ओळखायचे, ही युक्ती पक्की केली विल्यम स्मिथ नावाच्या एका इंग्रजाने. तो काही प्राध्यापक नव्हता. कालवे खणायच्या जागांची मोजणी करणारा माणूस! कालवा खणताना जमीन कापली जाते आणि थर उघडे पडतात. ते बघत बघत १८१५ साली त्याने इंग्लंडच्या खडकांचा भलामोठा नकाशा छापला. आपल्याकडेही कालवे काही कमी नाहीत. पुढच्या वेळी कालव्याच्या कडेने जाताना कापलेली बाजू जरा बघा. (लांबूनच बघा, पाण्यात उतरू नका. तुमचे आईवडील मला विचारायला येतील.)

आता एक अभिमानाची गोष्ट. हिमाचल प्रदेशात स्पिती नावाचा उंच, कोरडा, थंड भाग आहे. तिथल्या पराहिओ नदीच्या खोऱ्यात कँब्रियन खडक आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या हेडन नावाच्या अधिकाऱ्याने तिथून जीवाश्म गोळा केले आणि १९१० साली रीड नावाच्या संशोधकाने त्यांचं वर्णन छापलं. त्यातल्या एका छोट्या ट्रायलोबाइटला त्याने नाव दिलं 'इंडिकस', म्हणजे भारतातला. आज तो ओरिक्टोसेफॅलस इंडिकस या नावाने ओळखला जातो. पुढे हाच प्राणी चीनच्या ग्वेइचौ प्रांतात सापडला आणि अमेरिकेच्या नेवाडा राज्यातही सापडला. २०१८ साली भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून टाकलं, की ग्वेइचौमधल्या एका डोंगरउतारावर ज्या रेषेत इंडिकस पहिल्यांदा दिसतो, तिथून कँब्रियनचा एक नवा भाग सुरू झाला असं साऱ्या जगाने मानायचं. ती रेषा सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वीची आहे. खूण चीनमध्ये ठोकली, पण खुणेचं नाव भारताचं!

इथे एक चलाख मुलगा हमखास विचारतो, "पण बाई, ५१ कोटी हा आकडा त्या किड्यावर लिहिलाय का?" नाही लिहिलेला. किडा फक्त क्रम सांगतो. आधी कोण आणि नंतर कोण, एवढंच. वर्षं सांगते ती ज्वालामुखीची राख. थरांच्या मधे कुठे राखेचा पट्टा सापडला, तर त्यात झिरकॉन नावाचे बारीक स्फटिक असतात. त्यातल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होत जातं. किती झालं ते मोजायचं, की वर्षं निघतात. किडा आणि राख अशी दोघांची जोडी आहे ती.

राखेवरून आठवलं. घोडनदीला मिळणाऱ्या कुकडी नदीच्या काठी, जुन्नर तालुक्यात बोरी नावाचं गाव आहे. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख आली कुठून? समुद्रापलीकडच्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून! टोबाचा सगळ्यांत मोठा स्फोट झाला सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी. पण बोरीची राख त्याच स्फोटातली, की टोबाच्या कितीतरी आधीच्या, सात-आठ लाख वर्षांपूर्वीच्या स्फोटातली, यावर संशोधकांमध्ये बरीच वर्षं वाद झाला आहे. त्या गाळात आदिमानवाची दगडी हत्यारंही मिळाली आहेत. त्यामुळे राखेचं वय बदललं, की हत्यारांचं वयही बदलतं. एका मूठभर राखेवर केवढं ओझं!

पण मी म्हणत होते ते शिरूर तालुक्यातलं कुणीतरी वेगळंच आहे. ते आहे खापर. होय, फुटक्या मडक्याचा तुकडा!

घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पांढरीची टेकाडं होती. पांढर म्हणजे काय, ते आजोबांना विचारा. जिथे पूर्वी वस्ती होती, तिथली माती राखेने, शेणामातीने आणि पडक्या भिंतींनी पांढुरकी होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली मोठी नावं. त्यांना इथे एकावर एक अशा तीन काळांच्या वस्त्या सापडल्या. सगळ्यांत खालची सुमारे इसवी सनापूर्वी १६०० ते १४०० ची, मधली १४०० ते १००० ची आणि वरची १००० ते ७०० ची. मधल्या काळात हे लोक सातू पिकवत होते आणि पुराचं पाणी पाटाने वळवून शेताला देत होते. म्हणजे पाटपाण्याची खटपट आपल्या भागात तीन हजार वर्षांची जुनी!

तळच्या थरातली खापरं माळवा पद्धतीची, पिवळसर-नारिंगी लेपाची आणि त्यावर गडद नक्षी. हे नाव मध्य प्रदेशातल्या माळव्यावरून आलं. मधल्या थरातली खापरं जोर्वे पद्धतीची. ती लाल, त्यावर काळी नक्षी आणि इतकी छान भाजलेली, की नखाने टिचकी मारली तर टण्ण वाजतात. जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव. तिथे १९५०-५१ मध्ये ही खापरं खोदून काढली म्हणून त्यांना ते नाव पडलं. वरच्या थरात उत्तर जोर्वे काळातली मडकी. त्यांची घडण जरा ओबडधोबड झालेली. घरंही बदललेली. आधी मोठी चौकोनी होती, आता बहुतेक लहान, गोल झोपड्या. वर्षं कशी कळली? थरातल्या जळक्या कोळशावरून. कोळशातला एक प्रकारचा कार्बन ठरलेल्या गतीने कमी होतो. म्हणजे इथेही जोडी आहेच. खापर क्रम सांगतं, कोळसा वर्षं सांगतो.

आता गंमत बघा. प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथेही माळवा खाली आणि जोर्वे वर. तापीकाठी प्रकाशे आहे. तिथेही माळवा खाली, जोर्वे वर. चीन, स्पिती आणि नेवाडाचं जे नातं इंडिकसने जुळवलं, तेच घोडनदी, प्रवरा आणि तापीचं नातं या खापराने जुळवलं. आणि नुसतं जुळवून ते थांबलं नाही. प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यातली गावं इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास ओस पडली. इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षं चालू राहिलं. हे कशावरून कळलं? तिकडे उत्तर जोर्वेचा थरच नाही, आपल्याकडे आहे. पाऊस कमी झाला असावा, असं ढवळीकरांचं मत होतं. दुष्काळ पडला तर माणसं कुठे जातात, कुठे तग धरतात, हे आपल्या भागातल्या घरांना काही वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत ऐकून तुमच्यातल्या निम्म्यांचा बेत ठरला असेल. पिशवी घ्यायची आणि खापरं गोळा करायला जायचं. थांबा. आता माझी फजिती ऐका.

मला नोकरी लागून दुसरंच वर्ष होतं. डी.एड.ला शिकलेलं सगळं एका दमात करून दाखवायचा उत्साह. मुलांना म्हटलं, आपण शाळेत संग्रहालय करू, नदीकाठी, शेतात जुनी खापरं दिसली तर घेऊन या. आठ दिवसांत दोनशेच्या वर खापरं! मुलांनी ती हापशावर घासून घासून धुतली. बुटांच्या खोक्यांत कापूस घालून मांडली. वर रंगीत खडूने पाटी लिहिली. मी तर मिरवतच होते.

त्या वर्षी शाळेत एक पाहुणे आले होते. तरुणपणी उत्खननांवर काम केलेले. त्यांनी एक लाल तुकडा उचलला, टिचकी मारली. टण्ण! चेहरा उजळला त्यांचा. म्हणाले, "जोर्वे." मी पोरांकडे अशी ऐटीत पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या थरातलं?"

मी म्हणाले, "नदीकडचं आहे."

"नदीकडे कुठे? किती खाली? याच्या जवळ आणखी काय होतं?"

मी मुलांकडे बघितलं, मुलांनी माझ्याकडे. आणलं कुणी हेही आता कुणाला आठवत नव्हतं. पाहुणे काहीच बोलले नाहीत. तुकडा अलगद होता तिथे ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मला नंतर नीट कळलं ते असं. ते खापर जोर्वे आहे हे त्यांना ओळखता आलं, कारण कुणीतरी आधी ते थरात असताना पाहिलं होतं. त्याच्या खाली काय आणि वर काय, हे लिहून ठेवलं होतं. आधी थराने खापराचा काळ सांगितला. मग ते खापर दुसऱ्या गावच्या थराचा काळ सांगायला लागलं. पण नवीन काही कळायचं असेल, तर पुन्हा थराकडेच जावं लागतं. आमच्या खोक्यांतली दोनशे खापरं एवढंच सांगू शकत होती, की आपण खापरं आहोत. ट्रायलोबाइटचंही तेच. परदेशात त्यांचा मोठा बाजार आहे. घासूनपुसून चकाकणारे दगड विकले जातात. कुठल्या डोंगरातल्या कुठल्या थरातून काढला, हे लिहिलेलं नसेल, तर तो दिसायला कितीही देखणा असो, थर जुळवायच्या कामी येत नाही.

ती खोकी अजून आमच्या कपाटात आहेत. फेकवत नाहीत.

हे सगळं मी परवा वर्गात सांगितलं, त्या चौथीतल्या मुलीकडे बघत बघत. सोमवारी ती चित्रकलेच्या वहीचं पान घेऊन आली. त्यांच्या शेताला नदीची दरड लागून आहे. गेल्या पावसाळ्यात पुराने ती कापली गेली. तिने त्या दरडीचं चित्र काढलं होतं. वर काळी माती, खाली पांढरी, मग एक बारीक करडी रेघ, त्याखाली पिवळसर गाळ. पट्टी नव्हती म्हणून वितीने मोजलेलं. 'वरून ५ वीत. दोन खापरं. काडली नाहीत.' काढली हा शब्द चुकलाय, पण तो मी दुरुस्त केला नाही. करड्या रेघेपुढे लिहिलं होतं, 'राख?' प्रश्नचिन्हासकट.

चुलीची राख की आणखी कसली, मला सांगता येईना. तिला तसंच सांगितलं.

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली. तिच्या चुलत्यांना उन्हाळ्यात तिथे जेसीबी लावून सपाटी करायची आहे. ऊस लावायचाय. त्यांचं चुकतं असं मी कसं म्हणू? जमीन त्यांची, कर्ज त्यांचं. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, चहा घेतला, पानावरचं चित्र दाखवलं. चुलते बराच वेळ चित्राकडे बघत होते. "ही रेघ आमीबी बघितलीय," म्हणाले, "पण म्हटलं, असंल काहीतरी." तिथे कुणी जाणतं माणूस येऊन बघून जाईपर्यंत मशीन थांबवाल का, असं विचारलं. "बघू," म्हणाले. आज्जांनी मात्र मधेच सांगितलं, की त्यांच्या लहानपणी तिथे पाण्याला गेलं की पायात खापरं टोचायची.

चित्राची झेरॉक्स, दरडीचे चार फोटो आणि एक पत्र असं पाकीट मी कालच पुण्याला डेक्कन कॉलेजच्या पत्त्यावर टाकलं. मूळ चित्र तिच्याच वहीत आहे. ती आता रोज शाळेत आली, की हजेरीच्या आधी मला सांगते.

आज म्हणाली, "बाई, अजून नाय आला जेसीबी."

तुमच्या बाई